कोपरानं शिकवलेलं इंग्रजी

नाशिकात त्या काळी इंग्रजी येणारे पुष्कळ होते. वकील होते, मामलेदार होते, आणि इंग्रजी शिक्षणाने धर्म बुडाला असं बिनचूक इंग्रजीत लिहिणारेही होते. पण इंग्रज माणूस कुठल्या शब्दात कुठे जोर देतो हे छातीवर हात ठेवून सांगणारा गावात एकच होता, आणि तो जन्मात एकाही इंग्रजाशी बोललेला नव्हता. त्याचं नाव धोंडीराम कारभारी बोरस्ते.

एका खासगी हायस्कुलात ते इंग्रजीचे हंगामी शिक्षक होते. कांद्याच्या बाबतीत हंगाम म्हणजे चार महिने. मास्तरांच्या बाबतीत त्याला नऊ वर्षं झाली होती. दर जूनमध्ये हेडमास्तर गायधनी, वैदिकांच्या घराण्यातले, त्यांना बोलावून पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्र देत, आणि ते देताना असा चेहरा करत की जणू काशीची कावड मास्तरांच्या ओंजळीत रिती करताहेत. शेऱ्याच्या वहीत ते दर वर्षी मास्तरांच्या नावापुढे एकच विशेषण लिहीत: हार्ड-वर्किंग.

हा शेरा मास्तरांना इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत असे. इंग्रजीतली जोडविशेषणं मोठी लबाड असतात. एकटी उभी असली की जोर मागच्या तुकड्यावर टाकतात, आणि पुढे एखादं नाम आलं की तोच जोर उचलून पहिल्या तुकड्यावर आणतात. माणूस नुसता हार्ड-वर्किंग असला, तर वजन वर्किंगवर. हार्ड-वर्किंग टीचर म्हटलं, की वजन लगेच हार्डवर. नऊ वर्षांत गायधन्यांनी त्या विशेषणापुढे टीचर हा शब्द काही लिहिला नाही. त्यामुळे मास्तरांच्या आयुष्यातलं सगळं वजन नऊ वर्षं कामावरच राहिलं.

मास्तर मूळचे विंचूरजवळच्या एका खेड्यातले. घर शेतकऱ्याचं. वडिलांनी मुलाला शिकायला नाशिकला बोर्डिंगात ठेवलं, आणि पोरगं पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झालं. त्याला स्पेलिंग यायचं, अर्थ यायचा, पण वाचायला उभं राहिलं की वर्ग हसायचा. मराठी तोंड सरळमार्गी. ते प्रत्येक अक्षराला पंगतीतल्यासारखं सारखंच वाढतं. इंग्रजी तसं नाही. तिथे एका तुकड्याला तूप आणि बाकीच्यांना ताक. हे ताक कुणाला आणि तूप कुणाला, ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नसे, आणि शिकवणाऱ्या मास्तरांनाही माहीत नसे. ते वेताने शिकवत.

बोर्डिंगच्या मागच्या खिडकीतून एक वेदपाठशाळा दिसायची. सकाळी ओळीने बसलेली मुलं, सगळ्यांच्या पाठी खिडकीकडे. ती मुलं म्हणत होती त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं, हे धोंडीरामाला त्यांच्याच तोंडून समजलं होतं. तरी खिडकीतून एकाचीही चूक ऐकू येत नसे. वर जाणारा स्वर वर जायचा, खाली जाणारा खाली, आणि त्याबरोबर पाठींच्या ओळीत उजवं कोपर हललेलं दिसायचं. धोंडीराम महिनाभर बघत राहिला. न कळता बिनचूक म्हणणं, इंग्रजीच्या परीक्षेत आणखी दुसरं काय हवं असतं? आत जाऊन शिकण्याची सोय नव्हती. कुणब्याच्या पोराने दाराशी उभं राहावं एवढंही त्या दाराचं मन मोठं नव्हतं. खिडकीला मात्र कुणी जात विचारली नाही, कारण खिडकी बोर्डिंगची होती.

पुढे मॅट्रिक झाल्यावर नाशिक रोडला एक रेल्वेचा गोरा गार्ड बदली होऊन चालला, त्याने सामान विकायला काढलं. धोंडीराम टांग्याने गेला आणि एक उच्चारांचा शब्दकोश घेऊन आला. कोशात प्रत्येक शब्दाचे तुकडे पाडलेले होते आणि जोराच्या तुकड्याला बारीक खूण होती. गार्डशी बोलण्याचा योग आलाच नाही. तो आत निजला होता, व्यवहार त्याच्या खानसाम्याने केला.

त्या कोशातून आणि त्या खिडकीतून मास्तरांची पद्धत तयार झाली. जोराच्या तुकड्याला उजवं कोपर खांद्याच्या रेषेपर्यंत वर. बिनजोराच्या तुकड्याला कोपर बरगडीला. शब्द जिथे जोडलेला असेल तिथे डाव्या हाताच्या बोटाने बाकावर एक टकटक. ॲब-सन्ट, टक, माइन-डेड. एकटा असेल तर कोपर माइनवर वर जाणार, पुढे प्रोफेसर आला तर ॲबवर. होमसिक या शब्दात मात्र, मास्तर म्हणायचे, जोराला कुठेही न्यायला बघा, तो घर सोडत नाही. पोरं हसायची, आणि शब्द पाठ व्हायचा.

मॅट्रिकच्या वर्गात तीस पोरं एकदम कोपरं वरखाली करू लागली की शेजारच्या वर्गातले ड्रॉइंगमास्तर दार लावून घेत. तीस कोंबड्या उडायला निघाल्यासारखं वाटतं, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. पण गेली चार वर्षं या वर्गातलं एकही पोर इंग्रजीत नापास झालं नव्हतं, म्हणून ते पत्र फायलीत राहिलं.

शाळेत मास्तरांचा जीव एका माणसाशी जुळला होता. निसार मास्तर फारसी शिकवत. तेही हंगामीच, पण त्यांची फारसीच हंगामी होत चालली होती, म्हणून त्यांना त्याचं वाईट वाटत नसे.

"आमच्या मकतबात पोरं पुढे-मागे डुलतात," ते म्हणायचे. "तुमची पंख फडफडवतात. डोलल्याशिवाय अल्लाही पाठ होत नाही आणि इंग्रजही. फक्त एखादं खरंच उडालं तर मला आधी सांगा, मास्तर. मी खिडकी लावून घेईन."

"उडालं तर गायधनी म्हणतील, आमच्या घराण्यातलं आहे."

हे मास्तर थट्टेत म्हणाले होते.

१९३४च्या हिवाळ्यात शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर पिकरिंग साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. गायधन्यांनी मास्तरांना बोलावलं. टेबलावर कागद नीट रचत ते म्हणाले, "बोरस्ते, एक कायमची जागा मंजूर झाली आहे. साहेबांचा रिपोर्ट चांगला आला तर ती तुमची. नाही आला तर जूनपासून आम्हाला बी.ए. झालेला माणूस घ्यावा लागेल. मग हंगामीसुद्धा नाही."

"होय सर."

"आणि ते हात हलवणं बंद. मी परवा दारातून पाहिलं. साहेबाला वाटेल आपण वर्गात श्राद्ध घालतोय. शिवाय ते," गायधन्यांनी दाराकडे पाहिलं, "ते जरा आमच्याकडचं दिसतंय. तुम्ही ते कुठून उचललंत ते मी विचारत नाही."

न विचारण्यात त्यांचा केवढा मोठेपणा होता, हे मास्तरांना पायऱ्या उतरेपर्यंत कळत राहिलं.

आठ दिवस मास्तरांनी पोरांना हात मांडीखाली दाबून वाचायला लावलं. परिणाम असा झाला की पोरांची जीभही मांडीखाली गेली. चांदवडचा फकिरा हा वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. तो गुड-नेचर्ड हा शब्द तीनदा म्हणाला, तिन्ही वेळा वेगळा, आणि शेवटी म्हणाला, "सर, हात सुटल्याबिगर तोंड सुटत नाय."

"सुटेल."

"तुमचं सुटतंय का, सर?"

मास्तरांनी हात पाठीमागे बांधून वाक्य वाचून पाहिलं. मग विषय बदलून व्याकरण घेतलं.

घरी बायकोने, साळूबाईने, हे सगळं ऐकून घेतलं. नऊ वर्षं दर मे महिन्यात तिने घरातली भांडी मनातल्या मनात बांधली आणि दर जूनला सोडली होती. ती म्हणाली, "मंग तोंड बंद ठिवा आन् हात बी बंद ठिवा. साहेब काय घरला ऱ्हायला येनार हाय का? चार घटका दगड व्हा. कायम झाल्यावर नाचा लागंल तेवढं."

सल्ला शहाणपणाचा होता. मास्तर चार दिवस दगड होण्याची तालीम करत राहिले.

पिकरिंग साहेब आले. उंच, थकलेला माणूस, सर्दी झालेला. बागलाणातल्या सात शाळा बघून आले होते आणि सातही शाळांनी त्यांना एकाच चालीत स्वागतगीत ऐकवलं होतं. मागच्या भिंतीशी ते खुर्चीत बसले, शेजारी गायधनी. पोरं हात मांडीखाली घालून बसली होती. एकेक उभं राहून वाचू लागलं. पंगतीत वाढावं तसं, प्रत्येक अक्षराला सारखं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि रुमाल नाकाला लावला. लिहिलेला शब्द छोटा होता. छोटे शब्द शिक्षकाच्या बाबतीत सहसा चांगले नसतात.

मग ते मास्तरांना म्हणाले, "तुम्ही वाचून दाखवा."

धड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं वर्णन होतं. जुन्या वळणाचा, स्वभावाने चांगला, विसरभोळा. तीन जोडविशेषणं ओळीने, आणि तिन्हींच्या पुढे नाम. मास्तरांनी ओल्ड-फॅशन्ड म्हटलं आणि त्यांच्याच कानांना तो शब्द विंचूरच्या बाजारात विकायला ठेवल्यासारखा ऐकू आला. जोर चुकला होता. हे कळणारी दोनच माणसं त्या खोलीत होती, एक ते आणि एक साहेब, आणि साहेबांनी डोळे मिटले होते. मास्तरांनी गायधन्यांकडे पाहिलं. गायधनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

दगड झालं की कायम होता येतं, हे त्यांना माहीत होतं. पण चुकीचा जोर घेऊन पुढच्या शब्दावर जाणं त्यांना जमेना. ते थांबले. शब्द पुन्हा सुरुवातीपासून घेतला, आणि कोपर खांद्यापर्यंत वर गेलं. ओल्ड, टक, फॅशन्ड. गुड, टक, नेचर्ड. ॲबसन्ट, टक, माइन्डेड फार्मर. शेवटच्या शब्दापर्यंत पोरांनी हात मांडीखालून काढले होते, आणि पुढचं वाक्य तीस कोपरांनी मिळून वाचलं.

साहेबांनी डोळे उघडले. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग दुसरं दिलं, मग पुस्तकात नसलेले सहा शब्द दिले. एकही चुकला नाही. ते गायधन्यांकडे वळले आणि विचारलं, हे काय आहे.

गायधन्यांना एक क्षणही लागला नाही. "ही आमची नाशिकची प्राचीन वैदिक स्वरपद्धती आहे, साहेब. तीन हजार वर्षांची. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली. या शाळेत ती मी आणली."

साहेबांनी मास्तरांकडे एक कौतुकाची नजर टाकली. चांगल्या टांग्याच्या घोड्याकडे माणूस अशीच नजर टाकतो, आणि मग भाडं टांगेवाल्याशी ठरवतो.

महिनाभराने रिपोर्ट आला. दोन पानं स्तुती. पूर्वेचं प्राचीन ज्ञान पश्चिमेच्या भाषेला कसं उपकारक ठरू शकतं याचा हा दुर्मिळ नमुना, हेडमास्तर गायधनी अभिनंदनास पात्र, आणि ही पद्धत सर्व वर्गांत लागू करण्यासाठी परंपरेतल्याच एखाद्या जाणकाराची कायम नेमणूक व्हावी. परंपरेतला जाणकार शोधायला गायधन्यांना लांब जावं लागलं नाही. अनंतशास्त्री त्यांचे चुलतभाऊच होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते पद्धतीच्या आड येणार नव्हतं.

"शास्त्रीबुवांना तेवढे शब्द सांगत चला," गायधनी मास्तरांना म्हणाले. "तुमचं जूनमध्ये पाहू. रिपोर्ट चांगलाच आला आहे, तुम्ही काळजी करू नका."

रिपोर्ट चांगला आला तर जागा मास्तरांची, असं ठरलं होतं. आला होता चांगलाच.

साळूबाई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "हात तुमचा, हाळद त्यांच्या अंगाला. लय ब्येस."

अनंतशास्त्री सोमवारी वर्गात आले. वय मास्तरांएवढंच, अंगावर उपरणं, चेहरा कुणीतरी उगाच बोलावून आणल्यासारखा. मागच्या बाकावर बसून त्यांनी अर्धा तास तो प्रकार पाहिला. पहिल्यांदा ते गंभीर होते, मग कपाळाला आठी पडली, मग त्यांनी उपरणं तोंडावर धरलं. तास संपल्यावर पोरं बाहेर गेली. ते पुढे आले.

"मास्तर, हे कुठं शिकलात?"

लपवण्यात आता काही उरलं नव्हतं. "बोर्डिंगच्या मागं पाठशाळा होती. खिडकीतून बघायचो."

"आमचीच ती. खिडकी आमच्या पाठीमागं होती."

"होय. मला कोपरंच दिसायची."

"तरीच," शास्त्री म्हणाले आणि बाकावर बसले. "अहो, आमच्यात कोपर हलत नाही. ते मांडीला टेकलेलं असतं, हलतो तो पंजा, आणि तो समोरून दिसतो. कोपर हललं की वडील वेत मारायचे. ओळीत एकाचंच हलायचं."

"कुणाचं?"

"माझं. मी फार चुकायचो." ते थोडे हसले. "तीस पोरांना तुम्ही माझ्या चुका शिकवल्यात, मास्तर. आणि त्या बरोबर आल्या. मला तर माझंही बरोबर आलं नाही."

मास्तरांना काय वाटलं हे त्यांना कुणाला नीट सांगता आलं नसतं. नऊ वर्षं ते चोरीचा माल वापरतो आहोत अशा मनाने वर्गात उभे राहिले होते. कुणीतरी येईल आणि ओळखेल, अशी भीती घेऊन. आणि ओळखणारा आला, तो म्हणाला, हे आमचं नाही. म्हणजे मालक तेच. वर उचललेलं कोपर, बरगडीवर आणलेलं कोपर, बाकावरची टकटक, सगळं विंचूरच्या धोंडीराम बोरस्त्याच्या डोक्यातून आलेलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

शास्त्री तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेले. मास्तरांना त्यांनी बरोबर घेतलं.

"दादा, हे आपलं नाही," ते म्हणाले. "वेदाचा यात केसाएवढा संबंध नाही. हे या मास्तरांनी स्वतः रचलंय. मी यावर पगार घेतला तर मला दोष लागेल. मी उद्यापासून येत नाही." आणि ते खरोखरच निघून गेले. नाशिकात दोष लागण्याला भिणारी माणसं तेव्हाही फार नव्हती. त्यातला एक नेमका गायधन्यांच्या घराण्यात निघावा, हे घराण्याचं दुर्दैव.

गायधन्यांनी रिपोर्ट पुढे ओढला. "म्हणजे हे तुमच्या मनचं आहे?" त्यांनी विचारलं. मास्तर जुगार खेळताना सापडले असावेत, असा तो आवाज होता.

"होय सर."

"अहो, मग याला आधार काय? वैदिक म्हणून ते वर डायरेक्टर साहेबांपर्यंत गेलंय. तुमच्या मनचं म्हटलं तर तो निव्वळ पोरखेळ." ते उठून खिडकीशी गेले, परत आले. "साहेब पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येणार आहेत. पद्धत तर दिसली पाहिजे. आणि ती दाखवणारा आता दुसरा कुणी नाही."

त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. शिक्षक बोरस्ते यांनी प्रस्तुत वैदिक पद्धती गायधनी घराण्याच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेत आत्मसात केली असून तीत त्यांची स्वतःची अशी काही भर नाही. खाली सहीची जागा. त्या कागदाशेजारी त्यांनी दुसरा कागद ठेवला. कायम नेमणुकीचा.

"आधी यावर सही, मग त्यावर," गायधनी म्हणाले. "घाई नाही. पण संध्याकाळी टपाल जातं."

मास्तरांनी दोन्ही कागद वाचले. पहिल्यातली भाषा चांगली होती. तिच्यात एकही चूक नव्हती, खरेपणाही नव्हता. तासाभरापूर्वी ती पद्धत त्यांची झाली होती. नाही म्हटलं तर ती त्यांचीच राहील, आणि जूनमध्ये ते ती विंचूरला घेऊन जातील. तिथे कांद्याला ती ऐकवता येईल. साळूबाई दहाव्यांदा भांडी बांधेल, आणि या वेळी ती सोडणार नाही. आणि इथे मॅट्रिकच्या वर्गापुढे कुणी बी.ए. झालेला माणूस उभा राहील आणि फकिराला वेताने शिकवेल.

त्यांनी आधी पहिल्यावर सही केली, मग दुसऱ्यावर. गायधन्यांनी टीपकागद दाबला आणि खूप दिवसांनी मनापासून म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात, बोरस्ते."

निसार मास्तरांना बातमी शिपायाकडून कळली होती. ते फाटकाशी उभेच होते.

"मुबारक, मास्तर. कायम झालात."

"झालो."

"नोकरी मिळाली ती मिळाली, वर तीन हजार वर्षांचं खानदानही मिळालं. आमच्यात एवढ्यासाठी लोक पैसे देऊन वंशावळ लिहून घेतात. तुम्हाला फुकट मिळाली."

"फुकट नाही मिळाली, निसारभाई."

दोघे भद्रकालीपर्यंत चालत गेले. मास्तरांनी पेढे घेतले. साळूबाईने ते देवापुढे ठेवले, शेजारीपाजारी वाटले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच तिने वरच्या फळीवरची पितळी भांडी खाली काढून रोजच्या वापरात घेतली.

पुढच्या आठवड्यात मॅट्रिकच्या वर्गात फळ्याच्या वर एक पाटी लागली. पाटीवर मोठ्या अक्षरांत पद्धतीचं नाव होतं आणि खाली घराण्याचं. पोरांनी ती येता-जाता वाचली. फकिरा उभा राहिला.

"सर, मी धडा वाचू?"

"वाच."

"त्याआधी एक विचारू का? ही रीत तुम्ही काढली नाय का, सर? मला वाटलं तुमचीच."

पाटी नवी होती, रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"नाही," मास्तर म्हणाले. "ती शाळेची आहे. हात मोकळे सोड आणि वाच."

फकिराने पुस्तक उघडलं. पहिल्याच ओळीत एक जोडविशेषण होतं, पुढे नाम. त्याने जोर बरोबर जागी दिला.